नामंजूर ठोके

सकाळी साडेसहा ते पावणेसात आमच्या घरात बोलायला बंदी आहे. कुकरची शिट्टी होता कामा नये, नळ ठिबकता कामा नये, आणि दूधवाल्याने पिशवी दाराला लटकवून बेल न वाजवता निघून जावं, असं त्याला लेखी कळवलेलं आहे. कारण त्या पंधरा मिनिटांत आमचे हे, म्हणजे वैजनाथ सोनटक्के, स्वतःचं ब्लडप्रेशर मोजतात. खुर्ची ठरलेली, पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, डावा हात टेबलावरच्या उशीवर. पाच मिनिटं बोलायचं नाही, हलायचं नाही. मग बटण.

ह्यात ह्यांचा दोष नाही असं मी म्हणणार नाही. दोष ह्यांचाच आहे, फक्त तो छत्तीस वर्षांच्या नोकरीत मुरलेला आहे. भोसरीला पंपाचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात हे तपासनीस होते. कामगारांनी भाग बनवायचे आणि ह्यांनी ते पास की नापास ते ठरवायचं. केसाइतका फरक निघाला तरी ह्यांच्या खिशातून लाल टॅग बाहेर यायचा आणि सुतळीने त्या भागाला बांधला जायचा. एकदा टॅग बांधला की तो भाग पुढे न्यायची कोणाची प्राज्ञा नव्हती. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, धानोरीच्या फ्लॅटमध्ये येऊन तीन, पण तपासणी काही सुटलेली नाही. भाजीवाल्याचं वजन, लिफ्टचा आवाज, जिन्याच्या पायऱ्यांची उंची. एकदा माझी पोळी व्हर्नियर कॅलिपर लावून मोजली. "एकशे बहात्तर ते एकशे एक्याऐंशी मिलिमीटर. फार तफावत आहे," असं म्हणाले. मी तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीवर बसलेली बाई. म्हटलं, "नापास झालेल्या बाजूला ठेवा, आणि पास असतील तेवढ्याच खा." तेव्हापासून पोळ्या तपासणीतून सुटल्या.

ब्लडप्रेशर निघालं तीन वर्षांपूर्वी. आमची डॉक्टर म्हणजे मोठ्या रस्त्यावरची अपेक्षा. हुशार मुलगी. तिने गोळी दिली आणि सांगितलं, "काका, घरी मशीन घ्या. सकाळी मोजून वहीत लिहून ठेवत जा. पहिलं रीडिंग जरा जास्त येतं, ते सोडून द्या आणि दुसरं लिहा." साधंच वाक्य आहे. पण तपासनिसाला "सोडून द्या" असं सांगताना माणसाने जपून सांगावं. हे तेव्हा आम्हाला दोघींनाही सुचलं नाही.

कारखान्यातली एक पद्धत ह्यांनी घरी आणली. मोजायचं साधन कामाला लावायच्या आधी ते "मास्टर पीस"वर लावून बघतात. मास्टर पीस म्हणजे ज्याचं माप पक्कं ठाऊक आहे आणि जे कधी बदलत नाही असा तुकडा. साधनाने त्याचं माप बरोबर दाखवलं तर साधन बरोबर. कारखान्यात तो मखमलीच्या पेटीत असतो. आमच्याकडे मास्टर पीस म्हणजे मी, मखमलीची पेटी तेवढी नाही. रोज सकाळी मशीनचा पट्टा आधी माझ्या दंडाला बांधायचा. माझं माप एकशे सोळा आणि चौऱ्याहत्तर. फार तर एखाद-दोन आकड्यांचा फरक. वीज गेली तरी तेच, आमचा मुलगा योगेश त्याचं लग्न स्वतःच ठरवून आला त्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा तेच. "तू अचूक आहेस," हे म्हणाले. लग्नाला सदतीस वर्षं झाली, त्यात माझी एवढी स्तुती ह्यांनी पहिल्यांदाच केली. मी दोन दिवस खुशीत होते.

गेल्या जुलैत एका सकाळी मशीनच्या पडद्यावर, अगदी कोपऱ्यात, एक बारकं चिन्ह लुकलुकलं. बदामाच्या आकाराचं हृदय आणि त्याच्या बाजूला वाकड्या रेघा. ह्यांनी चष्मा वर करून बघितलं, मग खाली करून बघितलं, मग माहितीपुस्तिका काढली. तिच्यात मराठीत लिहिलं होतं की ठोके अनियमित असल्यास हे चिन्ह दिसते आणि ते वारंवार दिसल्यास डॉक्टरांना भेटावे. हे सगळं मोठ्याने वाचून ह्यांनी निष्कर्ष काढला, "मशीन बिघडलं."

"माझ्यावर तर चिन्ह आलं नाही," मी म्हटलं. "मास्टर पीसवर बरोबर म्हणजे मशीन बरोबर. तुमचाच नियम."

"मधूनमधून येणारा दोष आहे तो. सगळ्यात वाईट प्रकार. लवकर सापडत नाही."

मशीन घेऊन हे मेडिकलवाल्या विक्रमकडे गेले. विक्रमने ते स्वतःच्या दंडाला लावलं, मग दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांना लावलं. चिन्ह आलं नाही. तरी ह्यांनी दुसऱ्या कंपनीचं नवं मशीन घेतलं. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी त्यावरही ते हृदय लुकलुकलं. मग हिंजवडीहून योगेश आला. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे प्रत्येक अडचणीवर त्याच्याकडे नवी वस्तू असते. त्याने स्वतःचं स्मार्टवॉच काढून ह्यांच्या मनगटाला बांधलं. "बाबा, हे एकदम ॲक्युरेट आहे. हार्टबीट सगळं ट्रॅक करतं." संध्याकाळपर्यंत घड्याळ थरथरलं आणि त्यावर सूचना आली की ठोके अनियमित वाटतात. ह्यांनी ते शांतपणे उतरवून त्याच्या हातात दिलं आणि म्हणाले, "घड्याळाने वेळ सांगावी."

"बाबा, थ्री डिव्हायसेस चुकीचे कसे असतील? एकदा डॉक्टरला दाखवा ना, सिंपल."

"तिन्हींत एकच सुटा भाग असेल. एकाच लॉटचा."

पुढच्या रविवारी ह्यांनी पार्किंगमध्ये टेबल मांडलं आणि सोसायटीतल्या तेवीस जणांना रांगेत बसवून दोन्ही मशीनांवर मोजलं. सगळ्यांना मौन, सगळ्यांचे पाय जमिनीवर. आमच्या खालच्या मजल्यावर जयसिंगराव राहतात. ही इमारत त्यांच्याच शेतावर उभी आहे, त्यामुळे पार्किंगमध्ये मौन पाळायची त्यांना सवय नाही. त्यांचं एकशे चौसष्ट आणि अठ्ठ्याण्णव आलं.

"आमच्या रानात सात मजले उभे हायती," ते म्हणाले. "प्रेशर आमाला आसनारच की."

ह्यांनी त्यांना अर्धा तास झापलं. दाब ही चेष्टा नाही, उद्याच्या उद्या अपेक्षाकडे जा, माणसाने स्वतःच्या शरीराशी असं वागू नये, वगैरे. जयसिंगराव बिचारे दुसऱ्या दिवशी खरंच गेले आणि गोळी चालू करून आले. पण तेवीसपैकी एकाच्याही वेळी ते चिन्ह लुकलुकलं नाही. रात्री ह्यांनी वहीत काय लिहिलं ते मी मागून वाचलं. "तपासणी अपूर्ण. नमुने कमी."

इथवर मला हसू येत होतं. ऑगस्टच्या अखेरीस ते थांबलं. लिफ्ट बंद असेल तर हे दुसऱ्या मजल्यावर उभे राहायला लागले. का थांबलात म्हणून विचारलं की म्हणायचे, "इथलं प्लास्टर बघतोय." त्या प्लास्टरमध्ये बघण्यासारखं काही नाही, मी बघितलं आहे. एकदा जेवता जेवता छातीवर हात ठेवून ऐकल्यासारखे गप्प झाले. मी बघतेय असं लक्षात आल्यावर शर्टाची गुंडी लावायला लागले. गुंडी लावलेलीच होती.

ह्यांचे मोठे भाऊ परभणीला असतात. त्यांनाही ब्लडप्रेशर, आणि त्यांनी ते कधी मनावर घेतलं नाही. दोन वर्षांपूर्वी अंघोळ करून बाहेर आले आणि उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं. गावातल्या भांडणांचा निवाडा करणारा माणूस, आता पाणी हवं असलं तर डाव्या हाताने ताट वाजवतो. तिथून परत येताना हे पुण्यापर्यंत एक शब्द बोलले नव्हते. मला तो प्रवास रोज आठवायला लागला.

सप्टेंबरात अपेक्षाकडे तपासणीची पाळी होती. चिन्हाचं सांगणार आहात ना, म्हणून मी तीनदा विचारलं. "बघू," म्हणाले. तिने दाब मोजला, एकशे अठ्ठावन्न आला. हे लगेच म्हणाले, "दवाखान्यात वाढतो माझा. घरचा रेकॉर्ड बघा." आणि वही पुढे केली. सुवाच्य अक्षर, लाल शाईने आखलेले रकाने, रोजची तारीख आणि वेळ. एकशे अठ्ठावीस, एकशे सव्वीस, एकशे तीस. अपेक्षा ती वही बघतच राहिली. "काका, एवढी वही माझा एकही पेशंट ठेवत नाही. मग गोळी आहे तीच राहू दे. बाकी काही त्रास?"

"नाही," हे म्हणाले.

मी तोंड उघडलं, तर ह्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी गप्प बसले. शिवाय वहीतले आकडे खरंच चांगले होते. मला वाटलं, मीच उगाच घाबरतेय. ते गप्प बसणं माझ्या अजून मनाला लागून आहे.

आकड्यांचं बिंग सेलमुळे फुटलं. ऑक्टोबरात मी मशीनसाठी चार सेल आणायला विक्रमकडे गेले. त्याने सेल दिले आणि विचारलं, "काकू, चार सेल सहा महिने सहज जातात. काका दर महिन्याला नेतात. तुम्ही प्रेशर मोजताय की घरावर रोषणाई केलीय?"

घरी आले. हे अंघोळीला गेले होते. मशीनच्या पेटीत, माहितीपुस्तिकेखाली, एक कच्चा पॅड सापडला. जुन्या कॅलेंडरची पाठकोरी पानं शिवून केलेला. मी खुर्चीवर बसून तो वाचला.

हे एकदा मोजत नव्हते. रोज आठ-नऊ वेळा मोजत होते. मी पोळ्या करायला आत गेले की पुन्हा बटण दाबत होते, आणि त्यातला सगळ्यात कमी आकडा तेवढा वहीत जात होता. बाकीच्यांवर काट, आणि प्रत्येक काटेपुढे नामंजुरीचं कारण. एकशे बहात्तर, नामंजूर, दूधवाल्याची चाहूल. एकशे अडुसष्ट, नामंजूर, योगेशचा फोन येण्याची शक्यता. एकशे चौसष्ट, नामंजूर, उशी दबलेली. एकशे सत्तर, नामंजूर, सत्यशीला समोर उभी. हे शेवटचं कारण म्हणजे मी, आणि ते मला एकट्या ऑगस्टमध्ये चौदा वेळा सापडलं.

पण मला रडू आलं ते कारणांमुळे नाही. ज्या ज्या दिवशी चिन्ह आलं त्या दिवसाच्या पानावर, कोपऱ्यात, ह्यांनी पेन्सिलीने एक छोटं हृदय काढलं होतं. जुलैत तीन होती. ऑगस्टमध्ये अकरा. सप्टेंबरात एकही पान रिकामं नव्हतं. म्हणजे माणसाला सगळं ठाऊक होतं. एकट्याने मोजत होता.

हे बाहेर आले तेव्हा मी एवढंच म्हटलं, "आज अपेक्षाकडे जाऊ." हे म्हणाले, "दिवाळीनंतर बघू. माझी तपासणी मी करतोय." आणि ओला टॉवेल वाळत घालायला निघून गेले. ह्या माणसाशी वाद घालून उपयोग नसतो. तो मधेच उठून काहीतरी मोजायला जातो. त्याला उठता येणार नाही अशी वेळ गाठायला हवी होती, आणि अशी वेळ आमच्या घरात रोज सकाळी येते.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला माझं मोजून झालं. एकशे अठरा. हे खुर्चीत बसले, पट्टा बांधला, पाय जमिनीवर टेकवले आणि मौनाची पाच मिनिटं सुरू झाली. मी ड्रॉवर उघडून लाल टॅगांचा गठ्ठा काढला. निवृत्तीनंतरही ह्यांनी रविवार पेठेतून शंभर टॅग आणून ठेवले आहेत, घरात कधी काय लागेल सांगता येत नाही म्हणून. त्यातला एक घेऊन मी समोर बसले आणि रकाने भरायला लागले.

ह्यांच्या भुवया वर गेल्या.

"बोलू नका," मी म्हटलं. "रीडिंग बिघडेल. मला बोलायची मुभा आहे, माझं मोजून झालंय." मी मोठ्याने वाचत लिहिलं. "भागाचं नाव, वैजनाथ सोनटक्के. दोष, ठोका अनियमित, दाब प्रमाणाबाहेर. किती दिवसांपासून, जुलै. तपासणाऱ्याचं नाव, सत्यशीला सोनटक्के." मग मी पॅड टेबलावर ठेवला. भुवया खाली आल्या.

"अठ्ठ्याण्णव साली तुमच्या फोरमनने स्वतः बनवलेला भाग स्वतःच पास केला होता. तुम्ही त्याला लाल टॅग बांधलात. सगळं काम थांबलं, मोठे साहेब खाली आले, तुम्हाला मेमो मिळाला, तरी तुम्ही टॅग सोडला नाहीत. म्हणालात, ज्याने बनवलं त्याने तपासायचं नाही. ही गोष्ट मी दोनशे वेळा ऐकली आहे. योगेशच्या लग्नात तुम्ही व्याह्यांना ती दोनदा सांगितलीत, दुसऱ्यांदा त्यांच्या हातात पंगतीचं ताट होतं. मग मला सांगा, हा भाग कोणाचा आहे? तुमचा. तपासतंय कोण? तुम्हीच. पासही तुम्हीच करताय."

हे जागचे हलले नाहीत. नियम म्हणजे नियम. फक्त डोळे माझ्यावरून पॅडवर आणि पॅडवरून माझ्यावर फिरत होते. मी उठून टॅगची सुतळी ह्यांच्या शर्टाच्या वरच्या गुंडीला बांधली. गाठ जरा वाकडी बसली.

"सदतीस वर्षं मी समोर उभी आहे," मी म्हटलं. "दाब आत्ताच वाढायला लागला होय? मला भीती वाटते. परभणीहून आल्यापासून मी रात्री तुमचा श्वास मोजते. तुम्हालाही वाटते, ती ही हृदयं बघून मला कळलं. पण एका घरात दोघांनी वेगवेगळं कशाला घाबरायचं? एकत्र घाबरू आणि अपेक्षाकडे जाऊ."

पाच मिनिटं संपली. ह्यांनी उजव्या हाताने बटण दाबलं. पट्टा फुगला, सुस्कारा टाकत उतरला. एकशे अठ्ठ्याहत्तर आणि एकशे चार. कोपऱ्यात हृदय लुकलुकत होतं.

"हे धरता येणार नाही," हे म्हणाले. "तू बोलत होतीस."

"मग लिहा तसं. नामंजूर, बायको बोलत होती."

ह्यांनी खरंच पेन्सिल घेतली. आकडा लिहिला, त्याच्यावर काट मारायला पेन्सिल टेकवली, आणि तशीच धरून बसले. मग मान खाली घालून टॅगकडे बघितलं. हात गाठीपर्यंत गेला. मला वाटलं, आता सोडणार. पण छत्तीस वर्षांत दुसऱ्याने बांधलेला टॅग ह्यांनी कधी सोडला नव्हता. हात गाठीपाशी थोडा वेळ राहिला आणि खाली आला.

"तारीख राहिलीये," हे म्हणाले.

मी तारीख घातली. दहाला दवाखाना उघडतो, त्या बेताने ह्यांनी वही घेतली, कच्चा पॅड घेतला आणि चपला घालायला लागले. टॅग काढून ठेवा, असं मीच म्हटलं, लोक काय म्हणतील. "दुरुस्ती होईपर्यंत टॅग काढत नाहीत," हे म्हणाले आणि तसेच लिफ्टमध्ये शिरले.

खाली जयसिंगराव उभे होते. "सोनटक्के, ह्ये काय लटकवलंय गळ्यात?"

"रिजेक्ट झालोय."

"आं? कुनी केलं?"

ह्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. जयसिंगरावांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "मग बराबरच आसंल."

रिक्षात हे टॅग उलटसुलट करून बघत होते. दवाखाना दिसायला लागला तेव्हा हळूच म्हणाले, "शेवटचा रकाना रिकामा ठेवलायस." तिथे छापलेलं असतं, दुरुस्ती किंवा भंगार, नको ते खोडा. "तो अपेक्षा भरेल," मी म्हटलं. मी ह्यांचा हात धरला. आम्ही रिक्षात हात धरणारी माणसं नाही, पण ह्यांनी काढून घेतला नाही.

अपेक्षाने नाडी बघितली, लगेच ईसीजी काढला, आणि कागद टेबलावर पसरून म्हणाली, "काका, हृदय म्हणजे पंपच. ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. समोर दाब जास्त असला की पंपाला जोर लावावा लागतो. वर्षानुवर्षं जोर लावून त्याची भिंत जाड आणि ताठ होते. मग मागच्या, म्हणजे वरच्या कप्प्यावर ताण येतो, तो फुगतो. ठोक्याचा इशारा तिथूनच निघतो. ताणलेल्या भिंतीत तो सरळ जात नाही, सैरावैरा धावतो. कप्पा नीट आकसत नाही, नुसता थरथरतो. मग रक्त तिथे साचून गुठळी होऊ शकते, आणि ती मेंदूकडे गेली तर..."

"माझा भाऊ," हे म्हणाले.

"हो. तसं होऊ नये म्हणून आज आलात ते बरं केलंत. रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी लागेल, ठोके आवरणारी लागेल, आणि दाबाची वाढवावी लागेल. आजच हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवते, ते इको काढतील. पण मला एक कळत नाही. तुमची वही तर इतकी चांगली होती."

ह्यांनी खिशातून कच्चा पॅड काढून तिच्यापुढे ठेवला. तिने एकेक पान उलटलं. दूधवाल्याच्या चाहुलीपाशी तिला हसू आलं, मग हृदयं दिसायला लागली आणि ते गेलं. "काका," ती म्हणाली, "मी तुमच्या वहीवर गोळी ठरवत होते."

ती ओरडली असती तर ह्यांनी उत्तर दिलं असतं. ती नुसती म्हणाली. ह्यांची मान खाली गेली. "वही खोटी आहे," हे म्हणाले. "छत्तीस वर्षांत असं केलं नव्हतं." मला ह्यांचा इतका राग येत होता आणि तेवढीच माया वाटत होती, की मी पर्समधून उगाच रुमाल काढून परत ठेवला. अपेक्षाने टेबलावरून वाकून ह्यांच्या गळ्यातला टॅग वाचला. पेन घेऊन तिने "भंगार" हा शब्द खोडला, आणि मगच मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिहायला घेतली.

दोन दिवस तिथे ठेवून घेतलं. गोळ्यांनी ठोके आवरले, दाब उतरायला लागला. हृदयाचे डॉक्टर म्हणाले, लय पूर्ण सरळ होईल की नाही ते पुढे बघू, पण आता धोका खूप कमी करता येईल, गोळी मात्र एक दिवसही चुकवायची नाही. ह्यांनी त्यांना दाब, भिंत आणि वरचा कप्पा ह्यांवर वीस मिनिटं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. टॅग ह्यांनी नर्सलाही काढू दिला नाही, इकोच्या वेळी तेवढा टेबलावर ठेवला.

घरी आल्यापासून वही माझ्याकडे आहे. मोजायचं दोनदा, लिहायचं मी. नामंजूर हा शब्द घरातून हद्दपार झाला आहे. योगेश म्हणाला, "आई, तू तर बाबांची क्वालिटी हेड झालीस." मीही जरा ताठ मानेने फिरत होते, हे कबूल करते.

आठवड्याने, दिवाळीला सहा दिवस असताना, सकाळी साडेसहाला आम्ही टेबलाशी बसलो. नेहमीप्रमाणे आधी मास्टर पीस. माझी पाच मिनिटं झाली, ह्यांनी बटण दाबलं. एकशे बावन्न आणि चौऱ्याण्णव.

ह्यांनी थोडं थांबून परत मोजलं. एकशे पन्नास.

"मशीन बिघडलं," मी म्हटलं.

ह्यांनी दुसरं मशीन आणलं. एकशे एकावन्न.

"बेसनाच्या वासाने झालं असेल. शिवाय आठ दिवस झोप कुठाय मला. धरू नका ते."

ह्यांनी माझ्यापुढची वही स्वतःकडे ओढली, नवं पान उघडलं, वर माझं पूर्ण नाव लिहिलं आणि खाली शाईने आकडा. काट मारली नाही, कारण लिहिलं नाही. "अपेक्षाकडे जाऊ," म्हणाले. "दहा वाजता."

आणि माझ्या तोंडून काय निघालं ते मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. "दिवाळीनंतर बघू," मी म्हणाले. "अजून चकल्या व्हायच्यात."

ह्यांनी माझा हात परत उशीवर ठेवला, पट्टा नीट केला. "आणखी एकदा घेऊ. पाच मिनिटं बोलायचं नाही," म्हणाले. मग उठले आणि ड्रॉवर उघडला. लाल टॅगांच्या गठ्ठ्याची सुतळी सुटल्याचा आवाज मला आला, पण मला हलता येत नव्हतं.